उसातला रणगाडा

कल्याणच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा नववीत शिकतो. शाळेच्या सहलीबरोबर तो अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला, रणगाड्यांचे संग्रहालय पाहून आला आणि तेव्हापासून त्याने एकच ध्यास घेतला आहे. शाळेच्या प्रदर्शनात रणगाड्याचा देखावा मांडायचा. दुकानात चौकशी केली तर परदेशी किटची किंमत हजारांत. रंग, ब्रश, गोंद वेगळे. एवढ्या पैशात दोन्ही मुलांची वर्षाची वह्या-पुस्तके येतात, तेव्हा त्याला नाही म्हणावे की काय करावे, असे त्या विचारतात.

ताई, मुलाला होकार द्या आणि किटला नकार द्या. पण एवढ्याने त्याचा रणगाडा काही उभा राहणार नाही, म्हणून या वेळचे सबंध सदर त्याच्यासाठी. ज्यांच्या घरात असा हट्टी मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनीही कात्रण जपून ठेवावे.

आधी किट म्हणजे काय ते पाहू. प्लॅस्टिकच्या चौकटीत ओतलेले सुटे भाग असतात. ते कापून, घासून, चिकटवून रणगाडा तयार होतो. जपानमधील शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीची किटे जगभर प्रसिद्ध आहेत. त्यांच्या बहुतेक रणगाड्यांचे प्रमाण १:३५ असते, म्हणजे खऱ्याचा पस्तिसावा हिस्सा. हा पस्तीस आकडा आला कुठून, याची गंमत आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या कंपनीने जर्मनांचा पँथर रणगाडा काढला. तो सेलवर चालणारा होता. आत मोटार आणि सेल मावतील एवढे पोट ठेवले, आणि ते मोजले तर पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास भरले. पुढे तेच प्रमाण रूढ झाले आणि इतर कंपन्यांनीही उचलले. शास्त्र वगैरे काही नाही, दोन सेलांची सोय! आपणही तेच प्रमाण धरू, कारण ते हातात धरायला सोयीचे आहे.

परदेशात अशा देखाव्याला डायोरामा म्हणतात. पॅरिसमध्ये १८२२ साली दागेर नावाच्या चित्रकाराने, प्रकाश बदलला की देखावा बदलतो अशा प्रचंड चित्रांचे दालन उघडले, त्याचे हे नाव. पुढे छायाचित्रणाच्या शोधामुळे गाजला तो हाच दागेर. आपल्या माणसांना मात्र डायोरामा हा शब्द माहीत नसला तरी वस्तू चांगली माहीत आहे. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथल्या काचेमागच्या मातीच्या छोट्या छोट्या माणसांपुढे आपल्यापैकी कितीतरी जण लहानपणी नाक चिकटवून उभे राहिले असतील. त्या माणसांची आठवण का राहते? ती काहीतरी करत असतात म्हणून. नुसता रणगाडा फळीवर ठेवला तर ते खेळणे होते. तो कुठे आहे, कोणत्या दिवशी आहे आणि त्याचे काय झाले आहे, हे कळले की देखावा होतो.

म्हणून मुलाने पहिला प्रश्न स्वतःला विचारावा की कोणता दिवस दाखवायचा. माझी सूचना त्याने पाहिलेल्या संग्रहालयातूनच निघते. तिथे (हे संग्रहालय १९९४ सालापासून आहे) पाकिस्तानकडून पकडलेला अमेरिकन बनावटीचा पॅटन रणगाडा ठेवला आहे. पॅटनची खरी गोष्ट पंजाबातल्या खेमकरणजवळची आहे. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या तीन दिवसांत असल उत्तर या गावाच्या परिसरात मोठी लढाई झाली. पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन नव्या पॅटन रणगाड्यांसह पुढे सरकली होती. आपली चौथी माउंटन डिव्हिजन मागे सरून घोड्याच्या नालेसारखा अर्धगोल धरून बसली होती. जोडीला सेंच्युरियन, शर्मन आणि एएमएक्स हे आपले रणगाडे होते. शर्मन तर दुसऱ्या महायुद्धातले, पॅटनपुढे म्हातारे. पण शेतात ऊस उभा होता आणि कालव्याचे पाणी शेतांत सोडलेले होते. पंचेचाळीस टनांच्या आसपास वजनाचे पॅटन त्या चिखलात पोटापर्यंत रुतले. कित्येक तर चालकांनी तसेच टाकून दिले. नष्ट झालेल्या आणि हाती लागलेल्या रणगाड्यांचा भारतीय आकडा ९७ आहे. पुढे भिखीविंडजवळ ते ओळीने उभे करून ठेवले, तेव्हा लोकांनी त्या जागेचे नावच पॅटन नगर पाडले.

आता विचार करा. लढाईचा निकाल लावण्यात तोफांइतकाच चिखलाचा हात होता. म्हणजे आपल्या देखाव्यात रणगाडा निम्मा आणि जमीन निम्मी. बहुतेक मुले सगळी मेहनत रणगाड्यावर करतात आणि शेवटच्या रात्री खाली हिरवा भुसा पसरतात. इथे उलट करायचे. शिवाय यात आपला मोठा फायदा आहे. रणगाडा रुतलेला असल्यामुळे त्याची अर्धी चाके आणि खालचा सगळा भाग चिखलाखाली जातो, तो करावाच लागत नाही!

मोजमापाला बसू. एम-४८ पॅटन तोफ पुढे धरून ९.३ मीटर लांब, ३.६५ मीटर रुंद आणि ३.१ मीटर उंच. प्रत्येक आकड्याला पस्तिसाने भागा. लांबी साडेसव्वीस सेंटिमीटर, रुंदी १०.४ आणि उंची ८.९ येते. तोफ सोडून नुसते धड अठरा-एकोणीस सेंटिमीटरचे होते. पाच फूट आठ इंच उंचीचा माणूस पाच सेंटिमीटरला किंचित कमी भरतो. हे गणित मुलाकडूनच करून घ्यावे. गुणोत्तर-प्रमाण हा धडा ज्याला पाठ होत नाही, त्याला तो इथे हाताने कळतो. एका वहीच्या पानावर सर्व मापे लिहून पान भिंतीला लावावे. पुढे एखादी वस्तू बसेल की नाही असा प्रश्न पडला की पानाकडे बघायचे.

पॅटनला एका बाजूला सहा मोठी चाके. चाकाचा व्यास २६ इंच, म्हणजे ६६ सेंटिमीटर. पस्तिसाने भागले की १.९ सेंटिमीटर, बरोबर कोटाच्या मोठ्या बटणाएवढे. शिवणकाम करणाऱ्या घरात बटणांचा डबा असतोच. बारा बटणे, भोकांवर एम-सीलचा ठिपका दिला की चाकाचा तुंबा झाला. पट्ट्याची रुंदी २८ इंच, आपल्या मापाने दोन सेंटिमीटर. जुन्या फितीवर पुठ्ठ्याचे दोन सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद तुकडे ओळीने चिकटवले की पट्टा वळतोही आणि खराही दिसतो. दिसेल तेवढाच पट्टा करा. चिखलातला कोणी उकरून पाहणार नाही.

धडासाठी वह्यांचे पुठ्ठे दुहेरी चिकटवून घ्यावेत. पॅटनचे नाक होडीसारखे गोलसर आहे आणि वरचा बुरूज पालथ्या कासवासारखा. हे दोन्ही पुठ्ठ्यात येत नाही. थर्माकोल कोरून आकार द्या आणि त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून तीन-चार थर चढवा. प्रत्येक थर वाळू द्यावा. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारावा. एक काळजी घ्या. चपला चिकटवायचे ते पिवळे रबरी सोल्युशन आणि डब्यातला स्प्रेचा रंग यांनी थर्माकोल विरघळतो, तेव्हा ते उघड्या थर्माकोलला लावू नयेत. तोफेची नळी बारा-तेरा सेंटिमीटरची, तिला बॉलपेनची जाड रिकामी रिफील चालते. कटरने कापायचे काम घरातल्या मोठ्या माणसाने करावे, आणि तेही लोखंडी पट्टी धरून.

आता मुख्य गोष्ट. किटबरोबर परदेशात आणखी काय काय विकतात माहीत आहे का? गंजाची बाटली मिळते. चिखलाची मिळते. धुळीची पूड मिळते. हौशी माणसे पैसे मोजून ती घेतात आणि पुस्तके वाचून ती कुठे लावायची ते शिकतात. आणि आपल्या घरात? कोणाचे वडील वर्कशॉपमध्ये फिटर, कोणाचा मामा वेल्डर, कोणाचे काका गवंडी, कोणाची आत्या बांधकामावर. गंज कुठे धरतो, माती वाळताना कशी तडकते, तेल सांडलेल्या जागेवर धूळ कशी चिकटते, हे ज्यांनी आयुष्यभर पाहिले ती माणसे घरातच बसलेली असतात, आणि मुलगा मोबाइलवर परक्या माणसाचे ऐकत असतो. त्याला तुमच्याकडे यायला सांगा. आपल्या कामातले आपण मुलाला फारसे सांगत नाही, त्याने ते काम करू नये अशी आपली इच्छा असते म्हणून. इच्छा रास्त आहे. पण ज्ञान सांगायला काय हरकत आहे?

उदाहरणार्थ गंज. नवखा मुलगा सगळ्या रणगाड्याला तांबडा रंग फासतो. वेल्डरला विचारा. तो सांगेल की रंग शाबूत असलेला पत्रा आठवड्यात गंजत नाही. रंग जळाला तर मात्र एका ओल्या रात्रीत लाल होतो. म्हणजे चालकांनी टाकून दिलेला पॅटन हिरवाच राहणार, गंज फक्त धुराड्याच्या तोंडाशी आणि पट्ट्यांच्या सांध्यांत. पट्ट्याचा जमिनीवर घासणारा भाग चकचकीत असतो, तिथे ६बी पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळले की लोखंडाची चमक येते. झाकणाच्या कडा, जिथे माणसांचे बूट आणि हात सतत लागतात, तिथेही तेच. जळालेला रणगाडा दाखवायचा असेल तर गोष्ट वेगळी; मग फॅब्रिकेशनवाले वापरतात तो रेड ऑक्साइड अस्तराला लावा आणि वर राखाडी-काळा धूर.

हिरवा रंग सुद्धा बाटलीतून काढून थेट लावू नये. लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो, म्हणून लष्करी हिरव्यात थोडा पिवळा आणि थेंबभर पांढरा मिसळून तो फिका करून घ्यावा. चकाकणारा ऑइल पेंट वापरला तर रणगाडा स्टीलच्या डब्यासारखा दिसेल. पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक बरे. रंग पूर्ण वाळला की पाण्यासारखा पातळ केलेला गडद तपकिरी रंग खाचाखोचांत सोडावा आणि वरचा फडक्याने टिपून घ्यावा. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका हिरवा घासावा. खाचा खोल जातात, कडा वर येतात. मात्र खाली पोस्टर कलर असेल तर पातळ रंग देण्याआधी त्यावर फेव्हिकॉलच्या पातळ पाण्याचा हात द्यावा, नाहीतर ओलाव्याने खालचा रंग सुटतो.

चिखलाकडे वळू. फूटभर लांब, फूटभर रुंद प्लायवुडचा तुकडा घ्या आणि त्याला आधी दोन्ही बाजूंनी रंगाचा हात द्या, नाहीतर ओल्या प्लास्टरने तो वाकतो. प्लास्टर ऑफ पॅरिस दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होते. गवंडीकाकांना ठाऊक आहे की आधी सगळी तयारी करायची, मग पाणी घालायचे. प्लास्टर कालवतानाच त्यात मातीचा रंग आणि थोडे फेव्हिकॉल टाकावे, म्हणजे पुढे टवका उडाला तरी आत पांढरे दिसत नाही. वर चहाच्या गाळणीने चाळलेली खरी माती भुरभुरावी. कोणती माती? गावाकडची काळी नको, कोकणातली तांबडीही नको. खेमकरणची जमीन नद्यांनी आणलेल्या गाळाची आहे, करड्या-गव्हाळ रंगाची. काळ्या मातीत ऊस लावला तर देखावा कोल्हापूरचा होईल.

प्लास्टर ओले असतानाच रणगाडा त्यात दाबून बसवायचा. वर ठेवायचा नाही, दाबायचा. मागचा भाग पुढच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त खाली गेला तर फारच छान, कारण निघण्याच्या धडपडीत पट्टे जागच्या जागी फिरतात आणि खड्डा खोल होतो. त्याच फिरण्याने चिखल मागे उडतो. तो मागच्या पत्र्यावर फटकारे मारल्यासारखा हवा. ओला चिखल गडद आणि चमकता, वाळलेला फिका आणि भुरभुरीत. पट्ट्यावर ओला, बाजूच्या पत्र्यावर वाळलेला, दोन्ही दाखवावेत. साचलेले पाणी दाखवायला फेव्हिकॉल किंवा वॉर्निश चालते, पण एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त ओतू नका. जाड ओतलेले फेव्हिकॉल पांढरट राहते, कितीही दिवस थांबले तरी. आणि शेतातले पाणी नितळ नसते. थेंबभर मातकट रंग त्यात हवाच.

उरला ऊस. आठ फुटांचा ऊस आपल्या मापाने सात सेंटिमीटर. जाडी जेमतेम एक मिलिमीटर. खराट्याचा हीर जाड पडतो. जुन्या फूलझाडूच्या बारीक काड्या बरोबर येतात. वह्यांच्या कागदाची निमुळती पाती कापून हिरवी रंगवा, दोन-तीन पाती एका काडीला चिकटवा, खालची एक-दोन पिवळी ठेवा. हे काम वेळखाऊ आहे, घरातल्या सगळ्यांनी मिळून जेवणानंतर केले तर चार रात्रींत होते. ऊस ओळीत असतो, दोन ओळींत दोन-सव्वादोन सेंटिमीटर अंतर. रणगाड्याच्या पुढे तो ताठ उभा. मागे दोन पट्ट्यांच्या वाटांवर भुईसपाट. आणि त्या दोन वाटांच्या मधला, पोटाखालून गेलेला, मोडून पुढे झुकलेला. एवढे दाखवले की रणगाडा कुठून आला आणि कुठे अडकला हे न सांगता कळते.

मुलगा आता म्हणेल की जीपही हवी. असल उत्तर म्हटले की अब्दुल हमीद यांचे नाव येते. चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीचे हवालदार, उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावचे, शिंपीकाम करणाऱ्याचे पुत्र. जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने त्यांनी एकामागून एक पॅटन टिपले आणि १० सप्टेंबरला ते कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांची जीप दाखवावीशी वाटणे साहजिक आहे. पण मोजून पाहा. फूटभर फळीवर जीप आणि रणगाडा ठेवले तर दोघांत फार तर दहा सेंटिमीटर उरतील, म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन मीटर. असा तोफखाना कोणी लढवत नाही. गोळा शंभर मीटरवरून डागला असे धरले, तरी आपल्या मापाने जवळजवळ तीन मीटर होतात, म्हणजे चाळीतल्या खोलीच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत. जीप त्या फळीवर मावत नाही. सिनेमात मावते, तो भाग निराळा. माझे मत असे की जीप वगळावी, आणि बुरुजाच्या बाजूला गोळ्याचे एकच भोक दाखवावे, तीन मिलिमीटरचे.

माणसे दाखवावीत का? प्रेते आणि लाल रंग मुलांना फार आवडतो. तो टाळावा असे मी सांगेन. आतली माणसेही कोणाच्या तरी घरची होती, आणि प्रदर्शनाला पहिलीतली मुलेही येतात. झाकण उघडे ठेवा. कडेवर कापडाच्या चिंधीचा एखादा कोट टाका, चिखलात रणगाड्यापासून दूर जाणारी पावले उमटवा. पाच सेंटिमीटरच्या माणसाचे पाऊल आठ मिलिमीटरचे होते, दोन पावलांत दोन सेंटिमीटर. ओल्या प्लास्टरवर काडीपेटीच्या काडीने ती उमटतात.

दोन खोल्यांच्या घरात हे सगळे ठेवायचे कुठे, ही खरी अडचण. मोठ्या खोक्यात फळी ठेवून खोके पलंगाखाली सरकवावे. उघडे राहिले तर पंख्याची धूळ ओल्या रंगावर बसते. प्लास्टर घासताना नाकाला रुमाल बांधावा. रंग देताना खिडकी उघडी हवी. पावसाळ्यात प्रत्येक थराला दुप्पट वेळ धरावा. रोज तासभर दिला तर सहा आठवडे लागतील, तेव्हा प्रदर्शन जानेवारीत असेल तर दिवाळीच्या सुट्टीत आरंभ करावा. परीक्षेच्या आठवड्यात खोके बंद.

शेवटी फळीच्या पुढच्या कडेला पत्त्याच्या पानाएवढी चिठ्ठी लावावी. ठिकाण, तारीख, रणगाड्याचे नाव, प्रमाण १:३५, आणि खाली कोणी काय केले ते. बटणे आईची, ऊस आजीचा, प्लास्टर काकांचे, असे खुशाल लिहावे. शाळेत नेताना लोकलच्या गर्दीत शिरू नका, सकाळची पहिली गाडी धरा. तोफेची नळी सुटी ठेवा आणि शाळेत पोचल्यावर बसवा.